घाटात शिरलेलं जहाज

जुबेदाखालाची नि माझी ओळख पिठलं-भाकरीवरून झाली, आणि तीही तिच्या घरी कुणी गेलेलं नसताना.

आम्ही दासगावात नवीन होतो. आमचे हे महाडच्या कोर्टात कारकून. भाड्याची खोली सोडून सावित्रीच्या काठाला स्वतःचं घर बांधायचं त्यांच्या मनात कित्येक वर्षं होतं, ते एकदाचं झालं. मागचं दार उघडलं की उतार आणि उताराच्या पायथ्याशी खाडी. भरतीला पाणी वर चढायचं, ओहोटीला चिखल उघडा पडायचा, आणि दोन्हींच्या मध्ये एक वेळ अशी यायची की पाणी जागच्या जागी उभं राहायचं, कुठे निघालो होतो ते विसरल्यासारखं. मला त्या वेळेची भुरळच पडली होती. हातातलं भांडं तसंच धरून मी बघत बसायचे. मागून हे ओरडायचे, "अगं, वरण लागलं!" तेव्हा कुठे मी घरात.

कुंपणापलीकडे खालाचं घर. रोज पहाटे तिच्या पडवीतून धूर निघायचा, मग भांडी वाजायची, मग आलं घातलेल्या चहाचा वास थेट आमच्या मोरीपर्यंत यायचा. एका सकाळी यातलं काहीच नाही. उन्हं वर आली तरी घर गप्प. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी शिजवून नेतात. आमच्यात तसंच आणि त्यांच्यातही तसंच. विचारायला जावं तर धड ओळख नाही. मी आपलं पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या, टोपलीवर फडकं झाकलं, डोईवर पदर घेतला आणि चेहरा पाडून तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

खाला चटईवर मांडी घालून नारळ-गूळ कालवलेले पोहे खात होती. अगदी मजेत.

"कोण गेलं हो?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"कोण गेलं? कोण नाय गेलं गो. माझा अन्वर येतोय."

"मग चूल?"

"घाटात हाय तो आत्ता. उतरला की पेटवीन." मग तिची नजर टोपलीवर गेली. "पिठलं हाय काय? आण इकडं. दुसऱ्याच्या घरचा विस्तू चालतो मला."

कुठला घाट, कोण उतरणार, मला ओ की ठो कळेना. पण तिने दोन भाकऱ्या चवीने खाल्ल्या आणि वर ऐकवलं, "मीठ कमी हाय. मयताचं म्हणून कमी घातलंस काय?" तेव्हापासून आमचं जमलं.

अन्वर तिचा एकुलता एक मुलगा. आखातातून आपल्याकडे गॅस आणणाऱ्या जहाजावर तो कामाला. घाट म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी. ह्यांनी मला नंतर नकाशात दाखवली. एका अंगाला इराण, दुसऱ्या अंगाला ओमानचं टोक, आणि मधून चिंचोळं पाणी. आत मोठा समुद्र, त्याच्या काठाकाठाने तेलाचे नि गॅसचे देश, आणि त्यांचा माल बाहेर काढायचा तर जहाजांना तेवढीच वाट. खालाला नकाशाची गरज नव्हती, कारण तिचं माहेर पोलादपूर.

कशेडीच्या पायथ्याशी तिच्या बापाचं चहाचं खोपट होतं. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की ट्रकांची रांग पार पोलादपूरच्या बाजारापर्यंत लागायची. मासळीवरचा बर्फ वितळायचा, कांदा सडायचा, ड्रायव्हर लोक हाफ चहावर दिवस काढायचे. पलीकडे खेड-चिपळूणला एक वस्तू मिळेनाशी व्हायची आणि अलीकडे महाडला दुसरी. खाला सांगायची, "घाट बंद झाला का आधी गाड्या थांबतात, मग भाव चढतात, मग माणसं चढतात." आणि दरड बाजूला काढून वाट जेमतेम एका गाडीची झाली, की आधी कुणाची गाडी सुटायची? रांगेत पुढे होता त्याची? छे! ज्याची ओळख त्याची. पोरगी असताना तिने हे सगळं बापाच्या बाकड्यावर बसून बघितलं होतं. पुढे टीव्हीवर आखाताचं काही लागलं की ती ह्यांच्याकडे बघून म्हणायची, "भावजी, ज्याच्या हातात घाट त्याच्या हातात बाजार. ह्याच्यापरीस जास्ती काय सांगतोय तो कोटवाला?"

म्हणजे तिला सगळं कळत होतं असं नाही हं. सामुद्रधुनीच्या तोंडाशी बांबूचा आडणा असतो, एक शिपाई तो उचलतो आणि त्याला चहापाणी दिलं की काम होतं, अशी तिची पक्की समजूत. अन्वर सुट्टीवर आला की ती त्याच्या पेटीत नानखटाई भरून द्यायची. "तिथल्या मानसाला दे रे. बोलावं गोड." तो बिचारा घेऊन जायचा आणि जहाजावर वाटून टाकायचा. परत आल्यावर मात्र सांगायचा, "अम्मी, त्याला लई आवडली." कशेडीला बोगदा झाला तेव्हा तर तिने ह्यांना सकाळीसकाळी गाठलं. "आमच्या कशेडीला बोगदा पाडला, मग तिथं का नाय पाडत?" हे गंभीरपणे सांगू लागले, की काही देशांनी वाळवंटातून तेलाच्या नळ्या टाकल्यात, त्या सामुद्रधुनीला वळसा घालून बाहेरच्या समुद्राला निघतात, पण सगळ्यांचा सगळा माल त्यातून मावत नाही. खालाने मान डोलावली. "म्हंजे बोगदा हाय, पण लहान हाय." हे हसून म्हणाले, "बरोबर, तसंच." त्या दिवसापासून ह्यांनी तिला रोज कुंपणावरून पेपर वाचून दाखवायचा पायंडा पडला.

चुलीची रीत तिने कुणाकडून घेतली नव्हती, तिची तीच. तिचे मालक तेलाच्या जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. माणूस भारी शिस्तीचा. तेल भरताना जहाजावरचा विस्तू बंद, कुणाच्या खिशात काडीसुद्धा नाही, आणि पहिली बंद व्हायची ती त्यांची भट्टी. त्या काळी आखातातले दोन शेजारी वर्षानुवर्षं भांडत होते आणि मधल्या मध्ये तेलाची जहाजं पेटत होती. एकदा सुट्टीवर आल्यावर ते सहज सांगून गेले, की आमच्या पुढचं जहाज पेटलं, आम्ही बाजूने काढलं. खाला तेव्हा भाकरी भाजत होती. तिने ऐकलं आणि भाकरी उलटली. पुढच्या फेरीला ते घाटात शिरायच्या दिवशी मात्र तिने चुलीवर पाणी ओतलं. "त्याने तिथं विस्तू बंद करून बसायचं आणि मी हितं जाळ करू काय?"

बाया बोलल्याच. बिनचुलीचं घर म्हणजे मयताचं घर, अपशकुन करतेस, असं तोंडावर म्हणाल्या. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मी विझवली तर दुसऱ्या कुणाला विझवायला लागणार नाय."

मालक पुढे घरीच, अंथरुणावर शांतपणे गेले. मग अन्वर जहाजावर लागला आणि रीत त्याच्या नावावर चालू राहिली. तो निघण्याआधी फोनवर एवढंच सांगायचा, "घाटात शिरतोय." आणि पलीकडे निघाला की, "घाट उतरलो." मध्ये अर्धा दिवस जायचा. तेवढा वेळ खाला काड्यापेटी ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवायची, चुकून कुणी पेटवायला नको. खायला कालवलेले पोहे, केळी, आदल्या दिवशीची सांदणं. शेजाऱ्यांचं शिजलेलं चालायचं, पण चहा नाही. चहा ती फक्त स्वतःच्या हातचा प्यायची आणि चहावाचून तिचं डोकं उठायचं. कपाळाला फडकं बांधून ती खाडीकडे तोंड करून बसायची. मी कुंपणावरून चिडवायचे, "खाला, बघा हं, मी उकळवतेय." ती तिकडून शिव्या घालायची.

आम्हा सगळ्यांवर तिचा एक हक्क होता. मी महाडला कोर्टातल्या नि डेपोतल्या लोकांना पोळी-भाजीचे डबे देते. फोडणी तडतडली की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "तो जाळ माझ्या अन्वरने आणलाय हां!" आणि खोटं काय त्यात?

सून आली ती महाडची, शिकलेली. नसीम. तिने आल्याबरोबर काड्यापेटीच्या जागी लायटर आणला. सासूने दोन्ही गाठीत बांधायला सुरुवात केली. खालाच्या ओढणीतून लायटरचा दांडा बाहेर आलेला मी कितीदा बघितलाय. नसीमला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. माझ्याकडे येऊन कुरकुरायची, "मावशी, जहाज कॅप्टनमुळे चालतं की आमच्या चुलीमुळे?" मी म्हणायचे, "अगं, अर्धा दिवस तर आहे." ती नाक उडवायची आणि आमच्याकडे चहा पिऊन जायची.

त्या वर्षांत जगाचं तंत्र सारखं बदलत होतं. एकदा असं झालं की सगळीकडे सगळं बंद, गाड्या बंद, विमानं बंद, आणि तेल कुणाला नकोसं झालं. भरलेली जहाजं समुद्रातच उभी. अन्वर घरी यायचा तो महिनोन्महिने तिकडेच अडकला. खाला म्हणाली, "आधी मालाला वाट नव्हती, आता वाट हाय तर गिऱ्हाईक नाय." पुढे दूर उत्तरेकडे लढाई लागली, आणि एका मोठ्या देशाचं तेल कुणी घ्यायचं नाही असं बाकीच्यांनी ठरवलं. ह्यांनी ती बातमी वाचून दाखवली तेव्हा खाला फिस्सकन हसली. आमच्या भागात माणसाला वाळीत टाकणं काय असतं ते सांगावं लागत नाही. "गावाने वाळीत टाकलं तरी त्याच्या म्हशीचं दूध मागल्या दाराने कोन ना कोन नेतोच, भावजी. वर स्वस्तात नेतो." ह्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि पान उलटलं.

तिच्या स्वप्नाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता यायचं नाही. दुपारी ती मागच्या पडवीत बाज टाकून निजायची. अन्वर घाटात असला की तिला हमखास तेच स्वप्न. होर्मुझ म्हणजे आपली दासगावची खाडीच, असं. दोन्ही काठांना बायका धुणं धुतायत, आणि मधून एकामागून एक जहाजं चाललीयत, इतकी जवळून की हात लांब केला तर थाळी देता येईल. आवाज अजिबात नाही. जहाजावर अन्वरचा बाप उभा असायचा, ॲप्रन बांधून. ती थाळी पुढे करायची आणि तेवढ्यात पाणी उभं राहायचं. "जहाजपन उभं, तोपन उभा, मीपन. मग जाग येते." हे सांगताना तिचे डोळे अर्धे मिटलेले असायचे, आणि मीसुद्धा अर्धी त्या काठावर जाऊन पोचलेली असायचे.

आणि मग ते वर्ष आलं. आखातात लढाई पेटली आणि घाट बंद झाला.

अन्वरचं जहाज आत होतं, गॅसने भरलेलं. आदल्या दिवशी "उद्या शिरतो" म्हणाला होता म्हणून खालाने सकाळीच चूल विझवून गाठ मारली होती. तो शिरलाच नाही. घाटाच्या तोंडाशी नांगर टाकून उभे राहिले, ते राहिलेच. एक दिवस झाला, आठवडा झाला, दुसरा लागला. नसीम म्हणाली, "अम्मी, ते घाटात नाहीत, अलीकडे उभे आहेत. चूल पेटवायला हरकत नाही."

"रांगेत उभी हाय ती गाडी घाटातच धरायची," खाला म्हणाली. पोलादपूरचा हिशेब.

अन्वरचा फोन कधी लागायचा, कधी नाही. लागला की म्हणायचा, "अम्मी, रात्री वरून काहीतरी उडत जातं, आवाज होतात, पण आम्ही बरे आहोत." आणि मागाहून, "पाणी जपून वापरतोय." खाला त्याच्याशी अगदी साधं बोलायची. जेवलास काय, निजतोस काय. फोन ठेवला की ओढणीची गाठ चाचपायची. एकदा मी तिचा हात हातात घेतला, बर्फासारखा गार. तिने तो काढून घेतला नाही.

नसीमच्या मोबाईलवर जहाजांचा नकाशा होता. त्यात अन्वरचं जहाज म्हणजे एक छोटा हिरवा बाण. सासू-सून दिवसदिवस त्या बाणाला डोळे लावून. एका दुपारी खालाची हाक आली, "सुमन गो, धाव!" मी पीठभरल्या हातांनी धावले. बाण पाण्यातून निघून जमिनीवर गेला होता, चांगला आत, डोंगरात. "जहाज डोंगरावर कसं गो चढलं?" हे म्हणाले, लढाईत खुणेचे सिग्नल मुद्दाम बिघडवतात, म्हणून नकाशा खोटं दाखवतो. आम्हाला ते समजलं. पण खाला त्या बाणाकडे बघतच राहिली. त्यानंतर तिचं स्वप्न बदललं. आता जहाज कशेडीवरून यायचं. धुक्यातून, बोगदाबिगदा सोडून जुन्या वळणावळणाच्या रस्त्याने, कोऱ्या पत्र्यासारखं चकचकीत, झाडांच्या शेंड्यांना बाजूला सारत. पोलादपूरच्या बाजारातून अलगद खाली उतरायचं आणि सावित्रीत शिरायचं. बापाच्या खोपटाशी जरा थांबायचं. "चहा पितात गो सगळे. अन्वरपन पितो." तिने हे सांगितलं तेव्हा मला रडूच आवरेना, कारण तिने स्वतः इतक्या दिवसांत चहाचा घोट घेतला नव्हता.

इकडे गावोगाव गॅस मिळेना. नंबर लावला तरी सिलिंडर येईना. महाडात लोक रिकामे सिलिंडर घेऊन उन्हात ताटकळायचे. ज्याला त्याला इंडक्शन शेगडी हवी आणि दुकानात ती नाही. नसीमने कुठूनतरी एक पैदा केली. "अम्मी, ह्याला जाळ नाही, विस्तू नाही." खालाने त्या काचेवर हात फिरवला. "गरम होतो ना? मग आत कुठंतरी विस्तू हायच." शेवटी तह झाला. नसीमने तिच्यापुरतं शिजवावं, खाला शेजाऱ्यांचं खाईल.

पण शेजाऱ्यांचं म्हणजे माझं, आणि माझाच सिलिंडर संपला. डबे बंद करायची वेळ आली. मी मागच्या दारात डोक्याला हात लावून बसले होते, तर उतारावरून गडगड आवाज. बघते तर खाला. सिलिंडर तिरपा करून, बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत आणतेय, ओढणी कमरेला खोचलेली, मागून नसीम ओरडतेय, "अम्मी, आपल्याला लागेल तो!"

"भरलेला हाय. माझी चूल बंदच हाय. घे," खाला धापा टाकत म्हणाली.

"नको हो खाला. अन्वर उतरला की तुम्हाला लगेच लागेल."

"तो उतरला का सगळ्यांनाच मिळेल. त्याच्याच जहाजात हाय ना ते." मग नसीमकडे वळून, "आनि माझा बाप घाट बंद झाला का खोपट बंद करत नव्हता."

मी तो सिलिंडर घेतला. त्याच्यावर शिजलेल्या भाताची पहिली वाटी रोज कुंपणावरून पलीकडे जायची.

पेपरात यायचं की बोलणी चालू आहेत. अमक्या देशाची जहाजं सोडली, तमक्याची अडवली. "हितंपन ओळख लागते म्हनायची," खाला म्हणाली. मग एकदम तिने विचारलं, "अन्वरचं जहाज कुणाचं?" ह्यांनी चौकशी करून सांगितलं, की मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याच एका चिमुकल्या बेटाचा, माल तिसऱ्याचा, आणि माणसं आपली. खालाने डोळे मोठे केले. "जहाजाला चार बाप! आनि अडलं का त्यातला एकपन येत नाय?" त्या दिवशी पहिल्यांदा ती आमच्यासमोर चिडली. "त्यांच्या तेलासाठी सगळ्यांचे फोन चालू हायत. माझ्या पोरासाठी कोन बोलतोय? नाव घेतंय काय कोन त्याचं?" तिने पेपर ह्यांच्या हातून घेतला, नीट घडी घातली, परत दिला आणि घरात निघून गेली.

तो सगळा काळ मला आता पाण्याच्या त्या उभ्या वेळेसारखा आठवतो. भरती नाही, ओहोटी नाही. दुपारी घुगऱ्या शिजवाव्यात तशी हवा, आंब्याखाली पानं पडलेली, आणि पडवीत बाजेवर खाला, गाठीतली काड्यापेटी मुठीत धरून.

भर दुपारी फोन वाजला. आम्ही सगळे पडवीतच होतो. नसीमने स्पीकर लावला. आधी नुसतं वारं ऐकू आलं. मग अन्वरचा आवाज, "अम्मी. घाट उतरलो."

खाला उठली. तरातरा उतार ओलांडून आमच्याकडे निघाली, आम्ही तिच्या मागे. सिलिंडर माझ्याकडे ना! माझ्या स्वयंपाकघरात शिरून तिने ओढणीची गाठ सोडायला घेतली, पण इतक्या दिवसांची गाठ, सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली. तिने माझ्या पातेल्यात पाणी ठेवलं, मूठभर आलं ठेचून घातलं, साखर किती घातली ते तिचं तिला माहीत. दूध उतू गेलं. चहा असला तिखट नि गोड झाला होता की ह्यांना ठसका लागला. खालाने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि ओट्याला टेकून भोकाड पसरलं. नसीम तिला मिठी मारून रडत होती, आणि मी उतू गेलेलं दूध पुसायचं सोडून दोघींना धरून उभी होते.

अन्वर घरी आला, वाळलेला, डोळे खोल गेलेले. भरपूर झोपला, भरपूर खाल्लं. नसीमचं म्हणणं होतं की आता जायचं नाही, महाडला दुकान टाकू. खाला मध्ये पडली नाही. अन्वरने तिलाच विचारलं तेव्हा म्हणाली, "दरड पडली म्हनून ड्रायव्हर लोकांनी गाड्या नाय विकल्या रे. पन तुझ्या बायकोचंपन ऐक." त्याने ऐकलं. एवढी फेरी पुरी करून परततो, असं ठरवून तो गेला. खालाने पेटीत नानखटाई भरली.

ह्या वेळी त्याचं परत येणं बघणं तिच्या नशिबात नव्हतं. पाऊस सरला होता, भाताचा वास सुटला होता. दुपारी मी कपडे काढायला मागे गेले. पाणी उभं होतं. पडवीत बाजेवर खाला कुशीवर निजलेली, तोंड खाडीकडे, एक हात बाजेखाली लोंबता, तळवा उघडा, काहीतरी पुढे करतेय असा. मला वाटलं, स्वप्नात थाळी देतेय. मी हाक मारली नाही, तिचं स्वप्न मोडायला नको म्हणून. चहाच्या वेळेला नसीम उठवायला गेली तेव्हा ती केव्हाच गेलेली होती.

संध्याकाळच्या आत तिला नेलं. अन्वर भर समुद्रात, कसा येणार? नसीमने त्याला फोनवरच सांगितलं.

तीन दिवस मी पिठलं-भाकरी नेली. पहिल्या वेळी चुकून नेली होती. आता नेताना पाय उचलत नव्हते. पण मीठ बरोबर घातलं.

तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी फातिहाची दुआ झाल्यावर शेजारची एक म्हातारी म्हणाली, "पेटव गो आता, नसीम. घर उजेडात आन." नसीमने रेग्युलेटर फिरवला. लायटर समोरच होता, पण तिने फळीवरची सासूची काड्यापेटी घेतली, काडी काढली. तेवढ्यात कोनाड्यात काहीतरी वाजलं. खालाचा जुना फोन. तो बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. नसीमने उचलून बघितला आणि तशीच उभी राहिली. मग माझ्यापुढे धरला.

अन्वरचा मेसेज होता, आईच्या फोनवर. "अम्मी, घाटात शिरतोय."

नसीमने काडी परत पेटीत घातली. रेग्युलेटर बंद केला. म्हातारी म्हणाली, "अगो, तिसरा दिवस झाला, पेटव."

"नाय," नसीम म्हणाली. महाडची शिकलेली पोर, तिच्या तोंडून 'नाय' मी पहिल्यांदा ऐकलं. "तो उतरू दे."

तिने काड्यापेटी आणि लायटर दोन्ही आपल्या ओढणीच्या टोकात घेतले आणि घट्ट गाठ मारली.